वरचे चार सूर

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर घरचा पियानो लावला. मंगळवारची दुपार होती. बांगड्याचं तिखलं आणि भात जेवून झाला होता. पंखा बंद, खिडक्या बंद. पियानो लावताना पंखा चालत नाही. पात्यांनी आवाज कापला जातो आणि सरळ सूरसुद्धा थरथरल्यासारखा वाटतो. मी घामाने निथळत होतो आणि नलू माझ्या डाव्या हाताला स्टुलावर डोळे मिटून बसली होती.

वरच्या टोकाच्या चार पट्ट्या राहिल्या तेव्हा ती म्हणाली, "बस कर रे. चहा टाक. उरलेलं उद्या."

"चारच तर आहेत."

"माझे कान थकले. आणि ऐक, परवा विद्यापीठात परीक्षेचा पियानो लावायला जाशील तेव्हा हेतलला सांगून टाक."

"काय सांगू?"

"काय ते तुला माहीत आहे."

"बघू."

"सहा वर्षं बघतोयस, दत्ता."

मी चहा टाकला. आलं संपलं होतं म्हणून तिने तोंड वाकडं केलं, पण प्यायली. बुधवारी सकाळी मी चहा घेऊन खोलीत गेलो तर ती उठली नाही. यापेक्षा जास्त मला लिहिता येणार नाही. ते चार सूर अजून तसेच आहेत.

तिने आपल्या जुन्या विद्यार्थिनीला काय सांगायला सांगितलं होतं ते इथेच लिहून टाकतो, उगाच लपवाछपवी नको. मला वरचे सूर ऐकू येत नाहीत. पियानो लावणं हा माझा धंदा, आणि पियानोचा वरचा भाग माझ्यासाठी सहा वर्षांपासून मुका आहे. हे फक्त नलूला माहीत होतं. निदान मी तसं धरून चाललो होतो.

मॅडमच्या आठवणींच्या या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, मॅडमच्या कारकिर्दीवर लिहा. नलिनी मॅडम म्हणजे माझी बायको, नलू. मोठमोठ्या सभागृहांत पियानो वाजवायची आणि विद्यापीठात पाश्चात्त्य संगीत शिकवायची. परदेशात दोन वर्षं शिकून आली होती. मी सहावीपर्यंत शिकलेला, कुडाळकडचा, भटवाडीच्या चाळीत वाढलेला. माझे वडील फोर्टातल्या वाद्यांच्या दुकानात पियानोला पॉलिश मारायचे, त्यांच्या मागे मी दुकानात शिरलो आणि तार लावायला शिकलो. तिच्या संगीतावर लिहायची माझी लायकी नाही. पियानोच्या डावीकडच्या खुर्चीवरून जेवढं दिसलं तेवढं लिहितो.

पहिल्यांदा काम काय ते सांगतो, कारण लोक मला विचारतात, 'पियानो लावायचा म्हणजे कुठे लावायचा?' पियानोला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या आणि आत दोनशेच्या वर तारा. मधल्या आणि वरच्या प्रत्येक पट्टीला तीन-तीन तारा, तिन्ही एका सुरात पाहिजेत. दोन तारा फेल्टच्या पाचरीने दाबून गप्प करायच्या, एक लावायची, मग दुसरी तिच्याशी जुळवायची. जुळत नसली की आवाजात लाट येते. वांव, वांव, वांव. खुंटीवर चावी बसवून केसभर फिरवायची, लाट लांब होते, आणखी केसभर, लाट झोपते. लाट झोपली की सूर लागला. बस, एवढंच. हे दोनशे वेळा करायचं.

आणि एक गंमत. पियानोत जवळजवळ कुठलाच सूर पूर्ण खरा ठेवत नाहीत. एक अगदी खरा करायला गेलं की त्याच्या पलीकडचा बोंबलतो. म्हणून प्रत्येकाला थोडं थोडं खोटं करायचं, म्हणजे सगळ्यांचं एकमेकांशी जमतं. हे मी नलूच्या वडिलांना सांगितलं होतं, लग्नाची बोलणी करायला गेलो तेव्हा. त्यांनी विचारलं होतं, तुमच्यात आणि माझ्या मुलीत काय जुळतं? ते हसले नाहीत. पण नाहीही म्हणाले नाहीत.

नलू मला पहिल्यांदा भेटली ती त्यांच्याच मुलुंडच्या घरी. मी नवा होतो. त्यांच्याकडे पंखा चालू ठेवूनच पियानो लावला, कारण मे महिना होता आणि घरात पाहुणे होते. दोन तास खपलो. ती आतून आली, दोन सूर वाजवले, पंखा बंद केला आणि म्हणाली, "आता ऐक." मी ऐकलं आणि माझे कान लाल झाले. अख्खा पियानो परत लावला. पाहुणे घामाघूम. तिने मला पाण्याचा तांब्या आणून दिला आणि शेजारी बसून राहिली. तिची आई म्हणाली, "तू कशाला बसलीस उकाड्यात?" ती म्हणाली, "हा पुन्हा चुकतो का बघते." पुढे चव्वेचाळीस वर्षं तिने तेच बघितलं.

ती मला अरेतुरे करायची आणि मी चारचौघांत तिला मॅडम म्हणायचो. माझ्या आक्काला, म्हणजे मोठ्या बहिणीला, हे कधी पटलं नाही. नलू म्हणायची, "अहो म्हटलं की मला हसू येतं, आक्का. यांचं तोंड बघा ना."

मुंबईत पियानो जगवणं हे गायी-म्हशी पाळण्यासारखं आहे, रोज बघावं लागतं. हवा दमट. लाकूड फुगतं, फेल्टला बुरशी धरते, तारांना गंज चढतो. म्हणून आम्ही पियानोच्या पोटात चाळीस वॅटचा बल्ब लावून ठेवतो, बारा महिने. त्याची ऊब आत राहते. आता लोक एलईडी लावतात आणि मला फोन करतात, काका, बल्ब चालू आहे तरी पट्ट्या अडकतात. अरे बाबा, तो गार दिवा. उजेड पियानोला काय करायचाय? जुने पिवळे बल्ब आता मिळत नाहीत. माझ्या कपाटात एक खोका भरून आहेत. नलू म्हणायची, लोक सोनं ठेवतात, आमच्याकडे बल्ब.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. अंधेरीला एका बिल्डरकडे पांढरा मोठा पियानो होता, वाजवणारं कोणी नाही. एकदा सप्टेंबरात बोलावलं, पट्ट्या दाबल्या की वरच येत नाहीत. झाकण उघडलं तर आत दूर्वा, तांदूळ आणि लाल पाणी. घरात तेवढी उंच, मोकळी, देखणी जागा दुसरी नव्हती म्हणून त्यांनी पियानोवर दीड दिवसाचा गणपती बसवला होता. पंचामृत, अभिषेक, सगळं यथासांग. मी म्हटलं, "शेठ, देवाला काही म्हणवत नाही, पण भटजींनी तरी खाली बघायचं होतं." शेठ म्हणाले, "पण काका, बाप्पाचं पाणी आहे, त्याने काय वाईट होणार?" सगळ्या पट्ट्या काढून गच्चीवर वाळत घातल्या. चार दिवस कावळे हाकलत बसलो. पुढच्या वर्षी त्यांनी बाप्पाला पाट केला.

आता मॅडमच्या कार्यक्रमांचं. पियानो वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून पुस्तकाची पानं उलटायला शेजारी एक माणूस लागतो. हे काम वाचता येणाऱ्याचं. नलूचा नेहमीचा माणूस एका कार्यक्रमाला तापाने पडला आणि ती मला म्हणाली, "तू बस."

"मला ते ठिपके वाचता येत नाहीत."

"मी मान हलवीन. मान हलली की उलट."

मी बसलो, पँट-शर्ट इस्त्रीचा. पहिली चार पानं बरोबर गेली. मग घोळ झाला. मध्यंतरात कोणी तरी मला चिक्की दिली होती. बोटं चिकट. तिने मान हलवली, मी पान उलटलं, आणि दोन पानं एकदम उलटली गेली. मला कळलंच नाही, मला काय, दोन्ही सारखीच. ती वाजवत राहिली, जराही थांबली नाही. ओठ न हलवता म्हणाली, "मागे." मी घाबरून मागे गेलो तर तीन पानं मागे गेली. मग तिने माझ्याकडे बघणं सोडून दिलं आणि पुस्तक भलतंच उघडं असताना शेवटपर्यंत वाजवलं. टाळ्या पडल्या.

घरी येताना टॅक्सीत मी म्हटलं, "तुला सगळं पाठ होतं?"

"हो."

"मग पुस्तक कशाला ठेवलंस?"

"पुस्तक नसतं तर तू कुठे बसला असतास? मागे, पडद्याआड, त्या बॅटरीवाल्याबरोबर."

त्यानंतर तिच्या प्रत्येक कार्यक्रमात मीच पानं उलटली. पानांचे कोपरे एक वर, एक खाली असे दुमडून ठेवायचो, म्हणजे दोन पानं चिकटत नाहीत. चिक्की बंद. पंचवीस वर्षं मी त्या खुर्चीवर बसलो आणि तिला त्या पुस्तकाची गरज नव्हती.

लोक विचारतात, एवढं वाजवायच्या, मग नाव का झालं नाही? खरं सांगतो, या शहरात ते संगीत ऐकणारी माणसं तीच तीच होती. पहिल्या रांगेतल्या आजींचा खोकला कुठल्या वेळी येणार हेसुद्धा आम्हाला माहीत झालेलं. परदेशात राहिली असती तर काही वेगळं झालं असतं का, मला माहीत नाही. मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "तिकडे पियानो लावणारे चांगले असतात, दत्ता. मला भांडायला कोण मिळालं असतं?" हे उत्तर नव्हे, हे मलाही कळतं. मी पुन्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

शिकवायला मात्र ती कडक. विद्यापीठात तिच्या वर्गात कधी चार मुलं, कधी दोन. एकदा एकच, घाटकोपरची हेतल, स्टीलच्या भांड्यांच्या दुकानदाराची मुलगी. तिच्या घरच्यांना वाटलं होतं कीबोर्डचा कोर्स आहे, लग्नात वाजवता येईल. नलूचा नियम होता, प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षातून एकदा पियानो लावताना माझ्याजवळ पूर्ण वेळ बसायचं. "ज्याला आतलं माहीत नाही त्याने वरून बडवू नये," म्हणायची. मुलं कंटाळायची, जांभया द्यायची. हेतल कंटाळायची नाही. टॉर्च धरून विचारायची, "काका, ये तार का असं करते?" विद्यापीठात नलूच्या जागी आता तीच शिकवते. तरी दरवर्षी मुलांबरोबर येऊन बसायची.

मग नलूची बोटं सुजायला लागली. सांधे. कार्यक्रम बंद केले. त्याच सुमारास माझे कान गेले. खालचं, मधलं छान ऐकू यायचं, वरचं पातळ होत होत गेलं. मला स्वतःला कळलं नाही. न ऐकू येणारी गोष्ट नाही हे कसं कळणार? बोरिवलीला एका शाळेच्या हॉलमधला पियानो मी लावला आणि तिथल्या बाई म्हणाल्या, वरचा भाग चिरकतोय. मी त्यांना झापलं. चाळीस वर्षं करतोय म्हटलं, मला शिकवू नका. नलू माझ्याबरोबर गेली होती.

घरी आल्यावर म्हणाली, "इकडे ये. हा सूर कसा आहे?" वरच्या टोकाच्या एका पट्टीवर तिचं बोट होतं.

"चांगला आहे."

"आणि हा?"

"हाही चांगला. काय चाललंय तुझं?"

"दत्ता, मी पट्टी दाबलीच नाही. बोट नुसतं टेकवलं होतं."

मी चिडलो. दोन दिवस बोललो नाही. मग डॉक्टरकडे गेलो, कानाचं मशीन घेतलं. मशीन लावून पियानो ऐकला तर कोणी तरी पत्र्याचा डबा वाजवतंय असं वाटलं. काढून ठेवलं. मला वाटलं, धंदा संपला. पियानो लावणं सोडून मला दुसरं काही येत नाही, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याला कोण बोलावणार?

मार्ग तिने काढला. ती माझ्याबरोबर कामाला यायला लागली. गिऱ्हाइकांना वाटायचं, मॅडम रिटायर झाल्यात, नवऱ्याबरोबर फिरतात. मधला भाग मी लावायचो. वर पोचलो की ती खुर्ची ओढून माझ्या डाव्या बाजूला किंचित मागे बसायची. मी डाव्या हाताने पट्टी दाबायची, उजव्याने चावी फिरवायची. तिचा हात माझ्या डाव्या खांद्यावर. एकदा बोट टेकवलं म्हणजे चढव. दोनदा म्हणजे उतरव. आणि सूर लागला की सगळा तळवा खांद्यावर ठेवायची. कधी कधी तो तळवा जरुरीपेक्षा थोडा जास्त वेळ राहायचा. मी पुढच्या खुंटीकडे जायची घाई करायचो नाही.

शाळा, चर्च, घरं, विद्यापीठ, सगळीकडे आम्ही असंच केलं. पियानो बरोबर लागत होते, त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पण काम तिचं आणि नाव माझं. लोक म्हणायचे, काकांचा कान या वयातही काय आहे. मी मान डोलवायचो. ती शेजारी बसून चहा प्यायची. बाहेर पडल्यावर म्हणायची, "सांगून टाक रे त्यांना. लाज कसली त्यात? मी बुजगावण्यासारखी बसते, ते मला चालतं. तू खोटं डोलतोस, ते नाही बघवत." मी म्हणायचो, बघू. मला भीती होती. मान गेला तर माझ्याजवळ काय राहिलं? सहावी पास आणि मॅडमचा नवरा.

बुधवारी दुपारी तिला पोचवून आलो. मूल नाही आम्हाला. विक्रोळीहून आक्का आली होती, ती राहिली. गुरुवारी सकाळी मी उठलो, आंघोळ केली, पियानोच्या पोटातला बल्ब बघितला, चालू होता. हत्यारांची पिशवी उचलली. आक्का दारात.

"दत्ता, खंय चललंस?"

"विद्यापीठात. पोरांची परीक्षा आसा आज."

"सुतक आसा घरात. लोक काय म्हणतले?"

"म्हणांदेत."

"अरे, तुका कळता काय, काल काय झाला ता?"

"आक्का," मी म्हटलं, "माका कळता. तिनाच सांगितल्यान हा, परीक्षेक पियानो लागलेलो व्हयो." ती बाजूला झाली. पदर डोळ्याला लावला आणि वर म्हणाली, छत्री घे, ऊन आसा.

रिक्षा केली. विभागात पोचलो तर आठ मुलं जिन्यात बसलेली. मला बघून उभी राहिली. हेतल धावत आली, रडून डोळे सुजलेले.

"काका, तुम्ही कशाला आलात? घरी जा ना. आम्ही आहे तसाच चालवून घेऊ."

"का चालवून घ्यायचा? पंखा बंद कर."

तिने पंखा बंद केला आणि दाराशी उभी राहिली. मी मधल्या भागापासून सुरुवात केली. हात चालत होता. खालचा भाग झाला, मधला झाला. दीड तास गेला. मग वर आलो आणि थांबलो. डावीकडे बघितलं तर खुर्ची होती. आल्याबरोबर ती मीच ओढून ठेवली होती, सवयीने, आणि मला ते आठवतसुद्धा नव्हतं.

"हेतल, इकडे ये."

ती आली.

"इथून वर मला ऐकू येत नाही. सहा वर्षं झाली. इथला वरचा भाग मॅडम ऐकायच्या, मी नुसती चावी फिरवायचो. तुम्ही सगळे माझ्या कानाचं कौतुक केलंत, मी ते घेतलं. माझं नव्हतं. परीक्षेला दुसऱ्या कोणाला तरी बोलव, नाही तर हा भाग सोडून मुलांना वाजवायला सांग."

ती दाराकडे वळली. जाऊन दार लावून घेतलं. परत येऊन त्या खुर्चीवर बसली, खुर्ची थोडी मागे घेतली, नलू घ्यायची तेवढीच.

"एकदा म्हणजे चढवायचं ना काका?"

हातातली चावी मी मांडीवर ठेवली. मग म्हटलं, "तुला कधीपासून माहीत?"

"मॅडम अशा बसायला लागल्या त्या पहिल्या वर्षापासून. सगळ्या मुलांना माहीत आहे. मॅडमनी सांगितलं होतं, काका सांगतील तेव्हा सांगतील, तोपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही."

बाहेर जिन्यात कोणी तरी हळू आवाजात सरगम म्हणत होतं. मी पाचर घेतली, दोन तारा दाबल्या.

"एकदा म्हणजे चढव," मी म्हटलं. "दोनदा म्हणजे उतरव."

"आणि बरोबर लागला की?"

"लागला की तोंडाने सांग," मी म्हटलं, आणि चावी खुंटीवर बसवली.